पांढऱ्या मोरांचं वाण

लातूर
रविवार, १८ फेब्रुवारी २०२४

सौ. रत्नाक्कास,

चतुराचा नमस्कार. इकडं मी ठीक हाय, गुडघे सोडून. तिकडं तू बरीच असशील, तुला कसली धाड भरती! दाजींना नमस्कार सांग. न्हाई सांगितलास तरी चालंल.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नको, कुणी मेलं न्हाई. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू कट करतीस. कागद कट होत न्हाई. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशीलच, मी ओळखते तुला.

तर पहिली गोष्ट. तुझी धाकटी आरती इथं डॉक्टरकीच्या क्लासला हाय. ती जेवती कुठं, काय सांगितलंय तिनं तुला? "एका बाईची खानावळ हाय, स्वच्छ हाय." ती बाई मी. पावणेदोन वर्षं झाली. पोरगी आपणहून आली, दारात उभी राहिली अन् म्हणली, "तुमी चतुरामावशी ना? नाक आईसारखंच हाय." मी काय हाकलून देऊ? तिला बोलू नको. बोलायचं तर मला बोल, पत्ता मागं लिहिलाय.

आता आजच का सांगून राहिले? कारण माझ्या हातून पोरीचं नुकसान झालंय, अन् ती कधीतरी तुला रडत सांगणार. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक, रडणं वजा करून.

हॉस्टेलवर पोरींना फोन चालत न्हाई. म्हणून निम्म्या पोरी फोन माझ्याकडं ठेवतात. गव्हाच्या कोठीमागं पत्र्याची पेटी हाय, तिच्यात सतरा फोन. रविवारी वाटायचे, सांजच्याला गोळा करायचे. आरतीच्या फोनात एक खेळ हाय, 'हिरवं शिवार' नावाचा. बंदुका न्हाईत, मारामारी न्हाई. नुसतं पेरायचं, पाणी द्यायचं, कोंबड्या पाळायच्या. एक दिवस पाणी चुकलं की पीक वाळतं. पोरगी म्हणली, "मावशी, रोज तेवढं पाणी घालत जा ना. बोट लावलं की झालं." मी म्हणलं, इथं आम्हाला आठ-आठ दिवस नळ येत न्हाई, अन् ह्या फोनातल्या वांग्याला रोज पाणी! पण घातलं.

महिनाभर नुसतं पाणी घातलं. मग वाटलं, ही वांगी पोरीनं वाकडी लावलीत. सरीत घेतली. मग कोंबड्यांचा खुराडा उन्हात होता, तो हलवला. मग मलाच गोडी लागली. माझ्याकडं पोळ्या लाटती ती मलिका, बारा वर्षांची सोबत, अर्धं आपलं बोलती अर्धं त्यांचं, ती म्हणायला लागली, "बाई, पोळी जल रई, अन् तुमी वांगे देखते बैठे!"

तर ह्या खेळात आरतीकडं सात पांढरे मोर होते. ते दुकानात मिळत न्हाईत. कंपनीनं मागं एकदाच सोडलेले. ज्यांच्याकडं न्हाईत ती पोरं खरे पैसे देऊन एकमेकांकडून घेतात. नांदेडच्या एका पोरानं एका मोराला चार हजार लावले होते. परत वाच. चार हजार. ओरडत न्हाई, पीस गळत न्हाई, काचेतला मोर. आरती परीक्षा झाली की ते विकून ह्या दुसऱ्या वर्षाची फी दाजींच्या हातात ठेवणार होती, कारण दाजी दर फोनला फी काढतात म्हणे. हे मला ठाऊक न्हवतं. अव्वाशपथ न्हवतं.

संक्रांतीला मी ते सात मोर वाण म्हणून लुटले.

हसू नको. त्या खेळात शेजारीपाजारी असतात. लिहायला एक फळा असतो, त्याच्यावर मी लिहिलं, "हळदीकुंकवाला या." सकाळपासून एकेक येऊन दारात उभं. आलेलीला रिकाम्या हाती कसं लावायचं? अन् वाण म्हणून वांगं द्यायचं का? खेळातली पेटी उघडली, त्यातलं सगळ्यात देखणं बघून दिलं. सात आल्या, सात मोर गेले. मी म्हणलं, बरं झालं, सात सवाशिणी झाल्या. रविवारी आरतीनं नावं बघितली. पाच बाप्ये निघाले! त्यातला एक विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगचा. त्यानं "थँक्यू काकू" लिहिलं अन् दुसऱ्या मोरासाठी दुपारी परत आला होता.

आरती म्हणली, "मावशी, परत माग." मी म्हणलं, दिलेलं वाण परत मागतात का कुठं? मरून जाईन, मागणार न्हाई. तेव्हापासून चार रविवार झाले, पोरगी जेवती, पण बोलत न्हाई.

असं झालं. काय बोलायचं ते बोल.

चतुराबाई

ता. क. तुझी मोठी कढई हरवली न्हाई. माझ्याकडं हाय.


लातूर
रविवार, १० मार्च २०२४

रत्नाक्का,

तुझं उत्तर आलं न्हाई, पण बातमी आली. आरती म्हणली, आईनं पत्र तीनदा वाचलं, ज्वारीच्या डब्याखाली ठेवलं, अन् "तिला म्हणावं कढई घासून ठेव" एवढंच बोलली. ठेवली घासून.

आता मोरांचं ऐक. त्या कंपनीला कुण्या मोठ्या कंपनीनं विकत घेतलं, अन् नव्या मालकाला शेती नको, मारामारी पाहिजे. म्हणून 'हिरवं शिवार' बंद. तशी सूचनाच आली फोनवर. ३१ मार्च, दुपारी बारा वाजता. ज्याचं जे असंल ते सगळं जाणार. झालं! मोरांचा बाजार बसला. चार हजारांचा चारशेला, मग चाळीसला, मग फुकट घ्या म्हणलं तरी कुणी घेईना. आरतीनं माझ्या माघारी सातही जणांकडं मोर मागितले होते, तेव्हा एकानंपण दिला न्हाई. आता तेच आणून सोडून राहिले. सात गेले, नऊ आले, दोन तर भलत्याच कुणाचे. अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई. विष्णुपुरीवाल्यानं लिहिलं, "काकू, तुमच्याकडं सुखात राहील." आरती ते वाचून आधी रडली, मग हसायला लागली, अन् हसता हसता माझ्या गळ्यात पडली. बोलती झाली एकदाची.

इथंच पत्र संपवणार होते. मलिकाला वाचून दाखवलं, तर म्हणती, "ये सब ठीक हाय बाई. अब्बी असल बात लिखो."

असल बात अशी की मी नुसती वांगी सरळ केली न्हाईत. अक्का, मी त्या फोनात आपलं घर बांधलंय. भूकंपात गेलं ते, जुन्या गावातलं.

ठरवून न्हाई केलं. आधी लिंबाचं झाड लावलं. मग त्याच्याखाली बसायचा दगड. दगड हाय तर मागं ओसरी नको का? ओसरी हाय तर तिच्यावर माळवद नको का? आरतीनं खेळात साठवलेली नाणी सगळी दगडांत गेली, ते तिनं अजून मोजलेलं न्हाई, तू सांगू नको. समोर चन्नबसप्पाचं दुकान, पलीकडं मठ, मधी विहीर. त्या खेळात एक म्हातारी फुकट मिळती. कोंबड्यांना दाणे टाकती, अन् दिवस मावळला की बाजेवर जाऊन निजती. तिथला दिवस अर्ध्या तासाचा असतो. झगा घालती बया, पण पाठीत वाकती ती थेट अव्वासारखी. बाज मी आतच ठेवलीय, होती तिथं.

आरतीनं बघितलं. म्हणली, "मावशी, हे काय केलंस?" मी म्हणलं, "तुझं आजोळ हाय." एकोणीस वर्षांची घोडी झाली, पण तिला आजोळ म्हणजे काय ठाऊक न्हाई. तू कधी तोंडच उघडलं न्हाईस म्हणे. मग विचारत सुटली. आई कुठं निजायची, आजी म्हणजे आपली अव्वा कुठं बसायची. सगळं सांगितलं अन् दारापाशी अडले. दाराच्या डाव्या हाताला काय होतं, अक्का? काहीतरी होतं. मी येता-जाता त्याला ठेचकाळायची. पायाला आठवतं, डोक्याला आठवत न्हाई. अन् हे विचारायला जगात तुझ्याशिवाय कुणी उरलं न्हाई.

आता वाणाचं. आमचे मालक गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलवत न्हाई. रीत हाय, मला कळती. मी काय काल जन्मले न्हाई. पण त्या फोनात कपाळ दिसत न्हाई. तिथं मी "या" म्हणलं की येतात. बाप्ये तर बाप्ये! म्हणून हात सैल सुटला. सात काय, सत्तर मोर असते तरी दिले असते.

तुझ्या घरी त्या संक्रांतीला कुंकवाचा करंडा माझ्यासमोरून पुढं गेला. तुझ्याच हातात होता. तू माझ्याकडं बघितलंपण न्हाईस. ते मला लागलं, अन् भरल्या बायांत मी तुला म्हणलं, "तुझ्या बाळंतपणाला मला ओढून नेलंस, म्हणून अव्वा एकटी मेली." म्हणलं ना? म्हणलंच. अकरा वर्षं मी त्याला भांडण म्हणून राहिले. भांडण न्हवतं ते, पाप होतं.

तू तुझ्याकडं बिलोलीला बोलवून घेतलंस म्हणून मी वाचले. अन् मी घरी असते तर आम्ही दोघींनी अंगणात बाज टाकली असती, रोज टाकायचो तशी. एकटी होती म्हणून ती दार लावून आत निजली. आपल्या आळीत अंगणात निजलेले सगळे वाचले. हे मला तीस वर्षं आतून खातंय, अन् मी ते उचलून तुझ्या पदरात टाकलं. चुकले मी. तुझ्यासमोर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

त्या वेळी कुणी आपल्याला तारीख सांगितली न्हवती. ह्या वेळी कंपनीनं तारीख दिलीय. त्याच्या आत ये. न येशील तर डाव्या हाताला काय होतं तेवढं तरी कळव.

चतुरा


लातूर
सोमवार, १ एप्रिल २०२४

अक्का,

पोचलीस ना नीट? नांदेडला गाडी बदलताना जागा मिळाली का? कढई विसरलीस. मुद्दाम विसरलीस, असं मलिका म्हणती.

शनिवारी आलीस, चप्पल काढायच्या आधी फोन मागितलास, अन् अकरा वर्षांनी भेटलेल्या बहिणीला पहिला शब्द काय, तर "विहीर चुकली!" मी म्हणलं न्हाई चुकली. तू म्हणलीस मठाच्या अलीकडं होती. आरती म्हणली, "तुमी दोघी भांडा, मी सरकवते." सरकवली, अन् खरंच, सगळं गाव जागेवर बसलं. विहीर चुकली होती. घे, लेखी देते.

अन् डाव्या हाताला उखळ! कसं विसरले मी? कंपनीच्या दुकानात उखळ न्हाई, म्हणून आपण फुलाची कुंडी ठेवली. अन् तू म्हणलीस, "आता ठेचकाळ." मलिका अजून हसती त्याला.

काल सकाळी निघताना तू देवापुढल्या करंड्यात बोट बुडवलंस अन् माझ्या कपाळाला टेकवलंस. ते मी दिवसभर पुसलं न्हाई. जेवायला आलेल्या पोरी बघून राहिल्या. घरमालकीण तर दोनदा जिन्यातून खाली आली. बघू दे.

तू थांबली न्हाईस. "घर दुसऱ्यांदा जाताना मला बघवायचं न्हाई," म्हणलीस. म्हणून तुला सांगते काय झालं ते.

रविवारचं गोड जेवण, साठ पानं, खानावळ ऐन भरात. मी मलिकाला म्हणलं, तवा सांभाळ, अन् कोठीजवळ फोन घेऊन बसले. आरती शेजारी. नऊ मोर पाखरांसारखे सोडून दिले. विष्णुपुरीवाला दारात आला होता. फळ्यावर लिहिलं, "काकू, नमस्कार करतो." मी लिहिलं, "अभ्यास कर."

मग एक काम केलं. तुला आधी सांगितलं असतं तर वेडी म्हणली असतीस. आतल्या खोलीतली बाज उचलली अन् अंगणात आणून टाकली, लिंबाखाली. बाराला पाचच मिनिटं होती. तिथला दिवस मावळला. म्हातारी सवयीनं आत गेली. बाज दिसली न्हाई. परत दारात आली. उखळापाशी जराशी थांबली. आरती माझा दंड धरून बसलेली. मग म्हातारी अंगणात आली अन् बाजेवर आडवी झाली.

बारा वाजले. फोन काळा पडला. आवाज न्हाई, धूळ न्हाई, काही न्हाई.

ह्या वेळी ती अंगणात होती, अक्का.

अव्वाची धाकटी,
चतुरा