उणे बावन्नातली काटकसर

जावईबापू आयाल,

घर कर्त्या पुरुषाच्या निर्णयावर उभं असतं. काल तुम्ही निर्णय घेतलात आणि पेट्रोल वाचवायला उणे बावन्न अंशांत गाडीचं इंजिन बंद केलंत. सगळं याकुत्स्क शहर इंजिन चालू ठेवून झोपतं, पण ते अडाणी. आता इंजिन गोठलंय, गाडी एप्रिलशिवाय हलत नाही.

पहाटे बाळ तापानं फणफणलं. माझ्या लेकीनं तुम्हाला उठवलं, तर "पाचच मिनिटं" म्हणालात. शेवटी शेजारच्या स्त्येपाननं दवाखान्यात नेलं. बाळ सुखरूप आहे. सारदानाचे कपडे न्यायला आलो, तर तुम्ही अजून झोपलेलेच. ती मावशीकडे राहणार आहे. म्हणाली, "बाबा, गाडी चालू झाली की परत येईन." मी म्हटलं, "पोरी, एवढी घाई कशाला?"

मी मात्र संध्याकाळी येतोय. अंगणातली बर्फाची एक लादी आत आणून वितळत ठेवा, चहाला पाणी नाही.