मधली कमान

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची. खोली पुलाच्या तोंडाशीच, जुन्या जकात नाक्याच्या वरच्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोर अख्खा दगडी पूल. पाच कमानी, मधली जरा उंच, त्यामुळे रस्ता मांजराच्या पाठीसारखा वर चढून खाली उतरतो. प्रत्येक खांबावर कठडा बाहेर वळवून कोनाडा केलाय, गाडी आली की पायी माणसाने अंग चोरून उभं राहायला. दुरुस्तीआधी या सगळ्याची मापं घेऊन नकाशे काढायचे, हे माझं काम. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत, फक्त बोलायला लागल्या की श्वास घेत नाहीत. ताईला फोन केला. म्हणाली, नवरा शोध म्हटलं तर ही पूल शोधते. मागून आईही हसली.

५ नोव्हेंबर
बांबूच्या परांचीवर चढून कडेच्या कमानी पाहून झाल्या. दगड असे बसवलेत की सांध्यात नख शिरत नाही. त्यांवर जुन्या पाथरवटांच्या खुणा आहेत: मासा, बाण, पान. मधल्या कमानीवर मात्र एकही नाही. सोबतचा गवंडी म्हणाला, ती एका पुरात वाहून गेली होती. परत कुणी बांधली, कुणालाच ठाऊक नाही. तो स्वतः तिला हात लावत नाही. मलाही म्हणाला, बाई, मापं लांबूनच घ्या. मी हसले आणि तळहात टेकवला. दगड कोमट होता, अंगासारखा.

८ नोव्हेंबर
बोटं बधिर झाली आहेत. सकाळी किटली उचलली. हात भाजल्याचं कळलं ते वासावरून. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, नस दबली असेल म्हणाले. मला काळजी वाटत नाही. वाटायला हवी, एवढं कळतं.

गवंड्याला हात दाखवला. त्याने सांगितलं, की त्याच्या वडिलांनी त्या कमानीचे सांधे चुन्याने भरले होते. आधी हात गेले, मग माया गेली. धाकटा मुलगा तापाने गेला तेव्हा ते जेवत होते, ते जेवतच राहिले. एके सकाळी घरातून निघून मधल्या कमानीलगतच्या कोनाड्यात जाऊन बसले, ते उठलेच नाहीत. गवंड्याने मला तिथल्या कठड्यातला एक दगड दाखवला. म्हणाला, "हे आमचे बाबा."

मी त्या दगडाची उंची-रुंदी लिहून घेतली.

१० नोव्हेंबर
ताईचा फोन. आई गेली. ताईला बोलवेना. मी "बरं" म्हटलं. घरमालकीणबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या; मी त्यांच्या खांद्यावरून पूल बघत होते. नंतर पेन्सिलीला टोक केलं.

घरी जायला हवं. ताई एकटी आहे. हे अजून कळतंय, कळतंय तोवर निघायला हवं. बस पलीकडच्या काठावरून सुटते. गवंडी म्हणाला, मी सोबत येतो, फक्त मधे थांबायचं नाही.

११ नोव्हेंबर
थांबलो नसतो. समोरून ट्रक आला. दोघं त्याच कोनाड्यात शिरलो. ट्रक गेला. गवंडी बाहेर पडला. मी —

बसले आहे. पाय कुठे संपतात आणि फरशी कुठे सुरू होते, कळत नाही. गवंड्याने दंड धरून ओढलं. मग माणसं बोलावून आणली. हलले नाही. एकजण म्हणाला, जड झाल्यात हो. पांगले सगळे.

फोन वाजतोय. ताई असणार. तिचा चेहरा आठवतो. त्यापुढे काही —

संध्याकाळ
फोन थांबला. एक बाई आली. माझ्या खांद्यावर पिशवी टेकवली, दम खाल्ला, गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही. राग यायला हवा होता —

१२
लिहिणारी बोटं तेवढी चालतात. बाकी — 

ऊन आहे बहुतेक.

गवंडी आलाय. घमेल्यात चुना कालवून आणलाय. रडतोय. म्हणाला, माफ करा बाई, उघडं ठेवलं तर पाणी शिरेल. बाबांचंही मीच केलं होतं.

माझ्या कडेकडेने भरतोय. सांगायला हवं त्याला, डावीकडचा सांधा अजून नीट