पाळीवरून आलेल्याला उठवू नये

१७ जून १९९६

आज कामावर रुजू झाले. डोक्याला मार लागलेल्यांचा वॉर्ड. दवाखाना खासगी, लहानसा, पण स्वच्छ. खिडकीतून मागच्या कारखान्यांतल्या यंत्रमागांचा खडखडाट येतो. मला त्याचं नवल नाही, नवागामला आमच्या घराच्या भिंतीपलीकडे तोच आवाज आहे. मायने पांढऱ्या गणवेशाला इस्त्री केली आणि मग डाग पडेल म्हणून त्याला हात लावायला घाबरली. बाबा रातपाळीवरून येऊन झोपले होते, त्यांच्या पाया लांबूनच पडले. आमच्या घरात एक नियम कधी मोडला नाही: पाळीवरून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. लहानपणी आम्ही भावंडं खोकलासुद्धा उशीत दाबायचो. त्याच शांततेत अभ्यास करून मी बी. एस्सी. नर्सिंग झाले. घरातली पहिली पदवी. आता आपल्या माणसांसाठी काही करायचं.

२१ जून

मोठ्या सिस्टर नयनाबेन कडक आहेत, पण शिकवतात मनापासून. म्हणाल्या, आतला मार जखमेवरून कळत नाही, माणसाच्या उत्तरांवरून कळतो. दर तासाला तेच तीन प्रश्न: नाव काय, कुठे आहेस, महिना कोणता. उत्तरांना गुण द्यायचे. मग डोळ्यांवर बॅटरी धरायची, दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का बघायचं. हात दाबायला सांगायचा. झोपला असेल तर उठवून विचारायचं.

इथे कामाला आलेले आमचे खानदेशी घाबरले की अहिराणीच बोलतात, आणि इथल्या गुजराती सिस्टर त्यांच्या नावापुढे ‘असंबद्ध बोलतो’ असं लिहितात. आज अशाच एका म्हाताऱ्याला मी विचारलं, “तुनं नाव काय शे?” त्याने नाव, गाव, तालुका, सगळं धडाधड सांगितलं आणि रडायला लागला. नयनाबेन म्हणाल्या, तू आल्यापासून आमचे निम्मे वेडे शहाणे झाले.

२६ जून

सकाळी डिंडोलीचा लोटू आला. रातपाळी सुटता सुटता मागावरचा जड लाकडी धोटा उडून उजव्या कानशिलावर बसला. थोडा वेळ शुद्ध गेली, पण इथे आला तो चालत, हसत. सोबत आई, धुरपदाबाई. कुठे आहेस विचारलं, तर म्हणाला, “सासरले तं नही शे, बाई.” महिना विचारला, तर म्हणाला धोंड्याचा; जावयाला धोंडे खायला बोलावतात, आणि आपल्या नशिबी हे सलाईन. मी हसले. पूर्ण गुण दिले.

दुपारी तो झोपला. धुरपदाबाईंनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. बारा तासांच्या पाळीवरून आलाय, झोपू दे म्हणाल्या. तो एका लयीत घोरत होता. अगदी बाबांसारखा. माझा हात त्याच्या खांद्यापर्यंत गेला आणि मागे आला. पुढच्या तासालाही दारातूनच बघून परतले.

संध्याकाळी नयनाबेन आल्या, घोरणं ऐकलं आणि धावल्या. असं घोरणं झोपेचं नसतं, हे मला शिकवलेलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. उजवी बाहुली पूर्ण पसरली होती. बॅटरीने हलली नाही.

२८ जून

लोटू गेला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, उठवलं का नाही? नयनाबेनचं उत्तर तयार होतं: नातेवाइकांनी उठवू दिलं नाही. मी मान डोलावली. पदवीचा हा उपयोग. दोष कुणाच्या अंगावर ढकलायचा ते बरोबर कळतं; ज्याला सही येत नाही त्याच्या.

१ जुलै

धुरपदाबाई आल्या होत्या. कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन. माझ्यावरून हात ओवाळून दृष्ट काढली. “पोरी, तुनामुये त्याले शेवटली झोप तरी सुखनी लागनी.”

भाकर मी खाल्ली. टाकून देण्याइतकीही हिंमत नव्हती.

९ जुलै

सचिन गावाकडच्या कारखान्यातला एक ओडिया कामगार आला आहे, जिन्यावरून पडलेला. हिंदीत नाव विचारलं. डोळे न उघडता म्हणाला, लोटू.

त्याचं नाव लोटू नाही. कुठे आहेस विचारलं. “सासरले तं नही शे, बाई.”

ओडिशाच्या माणसाला अहिराणी कुणी शिकवली? नयनाबेन म्हणाल्या, तुला विश्रांती हवी.

१३ जुलै

आज एक गुजराती शिक्षिका. स्कूटरवरून पडल्या. नाव — लोटू. आवाज बाईचा, हसणं त्याचं. मी पूर्ण गुण लिहिले. दुसरं काय लिहू?

मी आता कुणालाही झोपू देत नाही. पेशंटचे नातेवाईक मला कैदाशीण म्हणतात.

१८ जुलै

धोंड्याचा महिना संपला. तरी सगळे तोच सांगतात. आज सलग दुसरी पाळी. शिक्षिकाबाई झोपल्या होत्या — घोरत. खांदा हलवला. त्यांनी माझं मनगट धरलं. चौथा प्रश्न त्यांनीच विचारला. “माले काब उठाडं नही?”

मला का उठवलं नाहीस.

हात सोडवताना मागे पडले. कॉटच्या लोखंडी दांडीवर. उजवं कानशील.

नयनाबेननी मलाच तीन प्रश्न विचारले. तिन्ही बरोबर. घरी जाऊन झोप म्हणाल्या.

१९ जुलै, दुपार

डोकं फुटतंय. दोनदा उलटी. आरशात बॅटरी धरून बघितलं. डावी बाहुली आकसते. उजवी —

मायला हाक मारली. आवाज निघत नाही. दार लोटलेलं. बाहेर ती पोरांना गप्प करतेय — दोन पाळ्या करून आलीय माझी पोर, कुणी उठवू नका —

खोलीत कुणीतरी घोरतंय. एका लयीत. मी एकटीच आहे. मी जागी आहे, लिहितेय —

नाव योगिता. ठिकाण नवागाम. महिना

महिना धोंड्याचा

माय मला उठ