दक्षिणेला मांडलेल्या प्लेटा

माय, तुझा मुलगा आता शाळांच्या छपरांवर ऊन धरायचं काम करतो. तुला हे कसं समजावून सांगावं याचा मी बराच विचार केला. काचेच्या, दरवाजाएवढ्या पाट्या असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की खाली तारेत वीज उतरते. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर त्या बसवायचं काम माझ्याकडं आलं, आणि चाकूरपासून ते पार हिमायतनगरच्या पुढच्या तांड्यांपर्यंत मी छपरं पालथी घातली. कुठं वर्गातले पंखे, कुठं बोअरची मोटार. हे मला कुणी शिकवलं नाही. मोटारींचं वाइंडिंग करता करता, कंपनीचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन लावत, दुसऱ्यांनी जाळून ठेवलेल्या जोडण्या उकलून बघत शिकलो. अजूनही छपरावर गेलो की आधी ओळंबा सोडतो, भर दुपारची त्याची सावली खडूनं आखतो आणि त्या रेघेवरून दक्षिण ठरवतो. मोबाईलमधलं होकायंत्र मी मानत नाही. स्लॅबमधल्या लोखंडाजवळ ते खोटं बोलतं. आपल्याकडं सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेच्या अंगानं चालतो, म्हणून पाटीचं तोंड दक्षिणेला आणि मागची बाजू अठरा-एकोणीस अंश उचललेली. यात बोटभर चूक मी खपवून घेत नाही. माझी माणसं मला मागं ‘अंशवाले मालक’ म्हणतात. म्हणोत.

पण दक्षिण म्हटलं की तू आठवतेस. डाळ मिलच्या मागची आपली खोली आठवते. तिला दार एकच, आणि तेही दक्षिणेला. रस्त्यापलीकडं वाइंडिंगचं दुकान. तिथला कारागीर तांब्याची तार अशी भराभर गुंडाळायचा की मला त्याच्यावरून डोळा काढवत नसे. म्हणून मी ताट घेऊन दाराकडं तोंड करून बसतो आहे, पहिला घास तोंडात आहे, आणि तू मिलवरून येते आहेस. भुवयांवर डाळीचा भुस्सा, हातात पदराचं टोक. चप्पल न काढताच तू माझं ताट उचलतेस आणि मला दंडाला धरून ताटासकट फिरवतेस. “दक्षिणेला तोंड करून जेवतोस? आमाला मारायला बसलायस का?” ज्याचे आई-बाप जिवंत आहेत त्यानं दक्षिणेकडं तोंड करून जेवायचं नाही, एवढं साधं तुझं शास्त्र. मी तेव्हाही वाद घालायचो. म्हटलं, “मग आपलं दारच का दक्षिणेला?” तू चुलीत लाकूड सारत म्हणालीस, “दार भाड्याचं हाय. ताट आपलं हाय.”

लातूर नवा जिल्हा झाला तो दिवस आठवतो का? मिल लवकर सुटली होती, रस्त्यावर पेढे वाटत होते. तू अर्धा पेढा माझ्यासाठी पदरात बांधून आणलास आणि विचारलंस, “जिल्हा झाला म्हंजे काय झालं रे?” मी शाळेत ऐकलेलं सगळं सांगितलं. आता कलेक्टर इथंच बसणार, आता उस्मानाबादला जायला नको. तू म्हणालीस, “बसू दे की. पर रोज सांजच्याला लाईट जाती, ती ऱ्हाईल का तेवढं इचार त्याला.” मी हसलो होतो. पुढं तू गेलीस, काही वर्षांनी बापूही गेले, आणि मी त्या समोरच्याच दुकानात झाडलोट करायला लागलो. तो कारागीर मला यंत्राला हात लावू देत नसे. बघण्यावर मात्र त्याचा ताबा नव्हता.

आता मुद्द्याचं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या दुष्काळातली गोष्ट आहे. ज्या शाळांच्या बोअरला थोडंफार पाणी होतं, त्या शाळा आधी घ्या, असा निरोप आला. हिमायतनगरच्या पुढं एक शाळा होती. टँकर कधी यायचा, कधी नाही. बोअरला पाणी होतं, पण मोटारीला लागणारी थ्री फेज वीज गावात यायची रात्री, तेव्हा शाळेला कुलूप. मुली पाणी भरायला घरी थांबत. वर्गात मुलांपुरतीच हजेरी लागते, असं मुख्याध्यापिका बाईंनी मला आल्या आल्या सांगितलं. ते बोअर मी स्वतः तपासलं. पाणी झिरपून येणारं होतं. एकदम उपसलं तर कोरडं पडणार, थोडं थोडं दिवसभर उपसलं तरच पुरणार. त्यासाठी मोटारीला सकाळपासून उन्हं कलेपर्यंत सारखी वीज हवी, आणि ती पाट्यांचं तोंड दक्षिणेकडं केल्याशिवाय मिळत नाही. आम्ही प्लेटा उतरवल्या, तेव्हा पाट्यांना आम्ही प्लेटाच म्हणायचो, आणि शाळा समितीचे अध्यक्ष आले. पांढरा शर्ट, नम्र माणूस.

“सोलर पाहिजेच की आमाला,” ते म्हणाले. “फकत तोंड तेवढं उगवतीला करा.”

“उगवतीला केलं तर दुपारून मोटार बसंल.”

“बसू द्या की. सकाळी तर चालंल न्हवं?”

मी त्यांना वर्गात नेलं, फळ्यावर सूर्याची वाट काढली, हिवाळ्याची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, कोन लिहिले, सावल्या दाखवल्या. समितीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, “एकदम बरोबर हाय तुमचं. आता उगवतीला करा.” माय, मी इतकं चांगलं कधी समजावून सांगितलं नव्हतं, आणि इतका चांगला कधी हरलोही नव्हतो. गावाच्या संमतीवाचून काम सुरू होत नाही. त्यांनी नाही म्हटलं की सामान दुसऱ्या शाळेला जाणार, आणि ही शाळा यादीत पुन्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. उगवतीला तोंड करून चालतं व्हायची सोय मला होती. अध्यक्षही खूश झाले असते. पण दुपारी कोरडी पडणारी मोटार मी कुठल्याही शाळेला लावून दिलेली नाही आणि देणारही नव्हतो.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अध्यक्षांशी बोलून उपयोग नाही हो. ते मावशीच्या धाकात आहेत. तिच्याशी बोला.” मावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. साठीच्या पुढची, काटक. पत्र्याच्या खोलीत ती तांदूळ धूत बसली होती आणि धुतलेलं पाणी फेकून न देता डाळीच्या पातेल्यात ओतत होती. माझी दोन माणसं माझ्यामागं दारात थांबली. मावशी माझ्याकडं न बघताच म्हणाली, “तू का तो दक्षिणेला प्लेटा मांडून राहिलास?”

“मावशी, त्या खायच्या प्लेटा न्हाईत. वीज करायच्या—”

“प्लेट म्हंजे ताटच न्हवं? तूच म्हणून राहिलास सकाळधरनं, प्लेट, प्लेट. लेकरं खाली जेवणार अन् त्यांच्या डोक्यावर तू दक्षिणेला ताटं मांडणार. यंदा ह्या गावात दोन लेकरं पोरकी झाली. त्यांना मी वाढते, बाबा. तू न्हाई वाढत.”

मी डाळीच्या पातेल्यातलं ते पाणी दाखवलं. म्हटलं, “तुमालाच तर घोटघोट पुरवून वापरावं लागतंय.”

“मग? पाणी नको कोण म्हणलं? पाण्यापायी कुण्या लेकराची माय देऊ का?”

मला राग आला. सामान परत न्यायची भाषा तोंडावर आली होती. पण तिचा आवाज, ते तांदळातलं बोट, ते न बघता बोलणं. तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, “माझी माय बी असंच म्हणायची. ताटासकट फिरवायची मला.”

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. “म्हणायची? हाय का आता?”

मी काही वेळ उभा राहिलो. मग म्हणालो, “न्हाई. लई वर्षं झाली.”

“अन् बाप?”

“तेबी न्हाईत.”

तिनं हात पदराला पुसले. “मग आधी सांगावं की, येड्या! उगंच फळा घाण केलास. ज्याचे माय-बाप गेले त्याला दक्षिण मोकळी असती. तू मांड. ह्या तुझ्या दोघांचे माय-बाप हायत का?”

“दोघांचेबी हायत.”

“मग ह्यांनी वर आणून द्यायचं. मांडायचं तू. बोल्टाला हात लावायचा न्हाई ह्यांनी.”

अशी संमती मिळाली. कित्येक वर्षांत मी स्वतः पाटी उचललेली नव्हती; मी माप घ्यायचो, चुका काढायचो. एक पाटी दोन माणसांनी धरायची असते. मी आधी खालच्या बाजूला लोखंडी अँगलचे टेकू केले, पाटीची कड त्यावर टेकवायची, वरची कड खांद्यावर घ्यायची आणि मोकळ्या हातानं बोल्ट फिरवायचा. मार्चचं ऊन, स्लॅब तापलेला, गुडघा बोलायला लागलेला. माझी दोन्ही माणसं हात मागं बांधून उभी, कोपऱ्यातून हसून घेत. “मालक, पाना तरी देऊ का हातात?” “मावशीला इचार.” खालून लगेच आवाज यायचा, “पाना देऊ दे. पाना काय ताट न्हाई.” खाली शाळा सुटली तरी मुलं घरी जाईनात, एक जण मोठ्यानं मोजत होता आणि चुकत होता. मी एकही पाटी ओळीसाठी ताणलेल्या सुतळीच्या बाहेर जाऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या मांडल्या. तारा ओढायची वेळ आली तेव्हा मावशीचा हुकूम आला, तारेला तोंड नसतं, आता सगळ्यांनी हात लावा.

मोटार सुरू केली तेव्हा आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ. सगळे टाळ्या वाजवत होते. मावशी मात्र टाकीजवळ पाट टाकून बसली आणि उन्हं कलेपर्यंत हलली नाही. दुपार टळली, धार टिकली. उन्हं उतरल्यावर धार बारीक होत होत थांबली, तशी ती उठली, टाकीवर थाप मारून बघितली आणि म्हणाली, “बसली न्हाई दुपारची. खरं बोलला होतास.” पुढच्या महिन्यात बाईंचा फोन आला, मुली वर्गात बसायला लागल्या होत्या.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, प्लेट हा शब्द सोडला. आता आम्ही पाटी म्हणतो. शाळेवर पाटी चढली तर कुणाची हरकत नसते. दोन, ज्या गावात तरीही अडतं, तिथं वाद घालत नाही. सरळ सांगतो की माझे माय-बाप दोघंही नाहीत, मी स्वतः चढतो. गुडघ्याला पट्टा बांधतो आणि चढतो. अजून शाळा राहिल्या आहेत. त्या सगळ्या मी माझ्या मापानं, माझ्या अंशानं पुऱ्या करणार आहे.

तुला अक्षर येत नव्हतं. हे तुझ्यापर्यंत पोचलंच असतं, तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि आता जे लिहितो ते मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको आहे. म्हणून हे असंच राहील. मावशीनं “हाय का आता?” विचारलं तेव्हा मी थांबलो होतो ना, माझ्या माणसांना वाटलं मालक डोकं लढवतायत. मी काही लढवत नव्हतो. ‘न्हाई’ म्हटलं की शाळेला पाणी मिळणार, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. ओठावर ‘हाय’ आलं होतं, आणि ते गिळायला मला तेवढा वेळ लागला.