सर आज काय बोलले

५ फेब्रुवारी
आज कामावर रुजू झाले. येवल्याहून सकाळची एसटी, मग रिक्षाने पंचवटी. तिसरा मजला, खाली भाजीबाजार. जिन्यात कोथिंबिरीचा वास. घर मला लय आवडलं. जयराम सर निवृत्त शिक्षक. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. मुलगी वेदिकाताई बँकेत, घरात दोघंच. ताईंनी स्वतः चहा करून दिला. म्हणाल्या, हमीदाताई, तुम्ही आलात, आता मला झोप लागेल. वाचा शिकवणाऱ्या मॅडमनी ही वही ठेवलीय. सर जे बोलतील ते तारखेनिशी लिहायचं. उरलेल्या जागेत मी माझंही लिहीन.

८ फेब्रुवारी
मॅडमची पद्धत सोपी. आपण शब्द म्हणायचा, सरांनी मागून म्हणायचा. तीन दिवस नुसतं ‘बा बा’ चाललं होतं. आज अंग पुसताना मी ‘पाणी’ म्हणाले आणि ते म्हणाले, ‘पानी’! लगेच ताईंना बँकेत फोन केला, त्या फोनवरच रडल्या. संध्याकाळी शिरा केला, सरांना गिळता येईल असा पातळसर.

१२ फेब्रुवारी
सर आता पुरी वाक्यं बोलतात. दुपारी भात भरवताना एकदम म्हणाले, ‘ताई, दूध उतू चाललंय.’ गॅस तर बंद होता. मला हसू आलं. वहीत लिहिलं.

१३ फेब्रुवारी
सकाळी ताई गॅलरीत फोनवर होत्या. मी सरांपाशी बसून ओरडले, ताई, दूध उतू चाललंय! आणि चमचा हातातच राहिला. तेच शब्द. काल सरांनी हेलसुद्धा माझाच काढला होता, येवल्याचा. योगायोग असेल.
आज सर म्हणाले, ‘अरफा, पडलीस कुठं तू?’

१४ फेब्रुवारी
घरून फोन आला. माझी अरफा शाळेच्या पायऱ्यांवरून पडली, मनगट मोडलं. फोन तिच्याकडे देताच मी विचारलं, अरफा, पडलीस कुठं तू? आणि विचारतानाच कळलं मी काय म्हणतेय. मुलीचं नाव मी या घरात कधी काढलेलं नाही.
ताईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, मेंदूला मार बसला की माणूस काहीही बोलतं, तुम्ही दमलाय. उद्या त्या ट्रेनिंगला पुण्याला जाणार, परवा दुपारी परत. मी म्हणाले, मला लेकीकडे जायचंय. त्यांनी हात जोडले. बदली बाई मिळेना. सरांना घोटभर पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. असं माणूस टाकून कसं जाणार? राहिले.

१५ फेब्रुवारी
सर सकाळपासून गप्प. मीही त्यांना एक शब्द दिला नाही.
कपडे वाळत घालून आले तर त्यांचा उजवा हात उशीवर होता. मी तो पोटावर ठेवून गेले होते. तो हात हलत नाही.
मग बोलले. या वेळी हेलच नाही, आवाजही माझाच. ‘वेदिकाताई, आत येऊ नका.’
उद्या ताई येणार.

१६ फेब्रुवारी, सकाळ
तोंड उघडायचं नाही. मी बोललेच नाही तर होणारही नाही. ताईंना मेसेज टाकला — एकट्या आत येऊ नका, शेजारच्यांना घेऊन या. एकच टिक. फोन बंद आहे त्यांचा.
सर दाराकडे बघतायत. पापणी लवत नाही.

दुपार
पाणी त्यांनी स्वतः घेतलं. उजव्या हातानं. ठसका नाही. मला आनंद व्हायला हवा होता —
आज ते काहीच बोललेले नाहीत. म्हणजे उद्या मी —

तीन वाजून गेले
खाट रिकामी. मी स्वयंपाकघरात, कडी लावलीय. हॉलमध्ये पावलं. दोन्ही पायांची, सारखी. बाहेरच्या दारापर्यंत जातात, थांबतात.
गप्प बसले तर सरांना कळणार नाही मी कुठं आहे —
जिन्यात ताईंच्या चपला. किल्ली आहे त्यांच्याकडे. बाबा उभे राहिले म्हणून हसत येतील, मिठीच मारतील —
पावलं थांबली. दारामागे.
किल्ली लागली. नाही, मला ओरडायलाच