मलिद्याला चमचा

नगर, रविवार, फेब्रुवारी १९७२

आज फार शिणले. रेबेकाताई इस्रायलहून पाच वर्षांनी माहेरी आली, म्हणून आईने आम्हा यहुद्यांच्या रीतीप्रमाणे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, खजूर. प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी नेहमीसारखा हातावर घेतला. ताईचे हात मात्र मांडीवरच. मग हळूच म्हणाली, "चमचा मिळेल?"

तिथे नव्याने आलेल्यांच्या केंद्रातल्या बाई घरी येऊन शिकवायच्या म्हणे. भाषा, स्वयंपाक, कसं जेवायचं तेसुद्धा. "हाताने जेवतात म्हणून पोरांना शाळेत चिडवायचे. मग मीच सोडलं," ताई म्हणाली. मला राग आला, पण कुणावर काढू? त्या बाईंवर? ताईवर?

आई मला म्हणाली, "दे गं चमचा. पाव्हणी हाय ती."

माहेरवाशीण नव्हे, पाहुणी. ताईने ऐकलं. खाली मान घालून चमच्याने खात राहिली.

आमचेही इस्रायलला जायचे कागद आलेत. ह्यांना घाई झालीय. मला काय हवंय, तेच कळत नाही.

मघाशी तो चमचा घासून इतर चमच्यांत ठेवला. आईने उचलून फळीवर वेगळा ठेवला.

"राहू दे हितंच. म्होरल्या खेपेला तुला लागंल."