खोक्यावरची बारीक अक्षरं

२४ नोव्हें., नांदेड
बारा तारीख, सकाळी ११.४०. बिलावर वेळ छापलेली आहे. तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दिलीपने मला चुकीचे थेंब दिले. डॉक्टरांनी कोरड्या डोळ्यांसाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, वापरून फेकायच्या कुप्या लिहिल्या होत्या. याने बाटली दिली. "सेमच हाय, मॅडम." तीन वर्षं इंग्रजी शिकवलं त्याला. एवढा एक शब्द उरला.
शेजारच्या वैशालीने आज खोकं वाचून दाखवलं. प्रिझर्व्हेटिव्ह आहे. बारा दिवस तासातासाला घालतेय. आग व्हायची म्हणून आणखी घालायचे.

२५ नोव्हें.
उठल्यावर उजवा डोळा झाकून पाहिलं. खिडकीचे गज नाहीत, नुसता उजेड. डावा झाकला, गज आले. पुन्हा उजवा झाकला. चहा राहिलाच. आईचं शेवटी असंच... नको.

२६ नोव्हें., लातूर
सकाळच्या बसने सुमनकडे. धाकटी असून दटावते. "अक्का, इतके दिस अंगावर काढून राहिलीस, आन् बहिणीला सांगायचं न्हाई?" एरंडेल घालू म्हणाली. तिच्यावर ओरडले. मग तिचाच हात धरून डोळ्यांच्या दवाखान्याचा जिना चढले.
इथले डॉ. म्हणाले, बुबुळावरचा थर खरवडल्यासारखा झालाय. बाटली बंद. कुप्याच घालायच्या, झोपताना मलम. मलमाने धूसर दिसेल, घाबरू नका. कोरडेपणाने झालं की थेंबांनी? दोन्हींनी. नजर येईल ना?
"आठ दिवसांनी या."

२७ नोव्हें.
दिलीपविरुद्ध तक्रार. मी सांगतेय, सुमन लिहितेय. 'मला काही न विचारता' इथे अडकले.
विचारलं होतं त्याने. खोकं पुढे धरून म्हणाला, "कुप्या न्हाईत, हे चालतंय का, वाचून बघा मॅडम." मी खोकं जवळ धरलं, लांब धरलं, मान हलवली. एक अक्षर लागलं नव्हतं. त्याच्यासमोर ते कसं सांगणार.
"मंग? पुढं काय लिहू?" सुमन.
कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

२८ नोव्हें.
डावा तसाच. उजवाही चुरचुरतोय, की वाटतंय तसं.
आज पत्र स्वतः लिहिलं. ओळी वर चढल्या असतील, चढू देत. 'डॉक्टर, आठ दिवसांनी या हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. या डोळ्याने मला पुन्हा वाचता येईल का, हो की नाही, ३ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. अक्षर मोठं काढा. मी दुसऱ्याकडून वाचून घेणार नाही.'